जुन्या गाडीचे सीट बेल्ट घरी बदलताना: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सीट बेल्ट बदलायचा म्हणजे तीन-चार बोल्ट काढायचे आणि तेवढेच पुन्हा आवळायचे, असं वरवर पाहता वाटतं. काढण्यापुरतं ते खरंही आहे. घोळ होतो तो परत बसवताना. वॉशरचा क्रम बदलतो, खालच्या टोकाशी पट्ट्याला पीळ राहतो, रिट्रॅक्टर थोडा तिरका बसतो, नाहीतर दिसायला सारखा पण वेगळ्या आट्यांचा बोल्ट घुसवला जातो. यातली एकही चूक रोजच्या वापरात जाणवत नाही. पट्टा बाहेर येतो, बकलात खट्कन अडकतो, सोडला की आत जातो. चूक उघड होते ती पट्ट्यावर खरा भार पडल्यावर. म्हणून पुढे बोल्ट फिरवण्यापेक्षा त्याआधीच्या नोंदींना आणि नंतरच्या तपासण्यांना जास्त जागा दिली आहे.

लेखात वारंवार येणारे भाग आधी ओळखून घ्या. पट्टा गुंडाळून घेणारी आणि झटक्याला अडवणारी डबी म्हणजे रिट्रॅक्टर. खांद्याच्या वर मधल्या खांबावर असलेली, ज्यातून पट्टा वळून खाली येतो ती डी-रिंग. पट्ट्यावर सरकणारी, बकलात अडकणारी धातूची पट्टी म्हणजे जीभ. आणि पट्टा जिथे जमिनीजवळ गाडीच्या सांगाड्याला कायमचा जोडलेला असतो ती खालची टोकपट्टी.

## १. हे काम घरी करण्याजोगं आहे का, ते आधी ठरवा

पहिला प्रश्न: तुमच्या गाडीत पट्टा ताणणारी यंत्रणा, म्हणजे प्रीटेन्शनर, आहे का? धडकेच्या क्षणी छोटा स्फोट घडवून ती पट्टा खेचून घेते. १९९० च्या दशकापासून पुढच्या बऱ्याच गाड्यांत ती असते. रिट्रॅक्टरला जाणारी पिवळ्या कनेक्टरची वायर, डबीला चिकटलेली जाडसर नळी, बकलाखाली नळकांड्यासारखा भाग, स्फोटकाची सूचना देणारं लेबल, यापैकी काहीही दिसलं तर काम तिथेच थांबवा आणि एअरबॅगचं काम जाणणाऱ्या कार्यशाळेकडे गाडी न्या. चुकून उडालेला प्रीटेन्शनर हात मोडू शकतो.

इथे दोन गैरसमज हमखास असतात. पहिला: वायर दिसली म्हणजे प्रीटेन्शनर आहेच. तसं नाही. बकलाला जाणारी बारीक वायर अनेकदा फक्त डॅशबोर्डवरचा दिवा लावणाऱ्या स्विचची असते. दुसरा गैरसमज उलटा आणि जास्त धोक्याचा: वायर नाही म्हणजे प्रीटेन्शनर नाही. काही जुन्या गाड्यांत ही यंत्रणा विजेवर नसून दाबून ठेवलेल्या दणकट स्प्रिंगवर चालते आणि सीटखाली बकलाच्या बाजूला बसवलेली असते. तिला कसलीच वायर नसते. खात्री त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच करा.

इशारा: कनेक्टरमध्ये काय आहे ते बघण्यासाठी मल्टिमीटर लावू नका. मीटरचा स्वतःचा बारीक प्रवाहसुद्धा स्फोटकाला पुरू शकतो.

दुसरा प्रश्न: गाडीला कारखान्यातूनच बेल्टच्या जागा आहेत का? फार जुन्या गाड्यांत मागच्या सीटला त्या नसतात, किंवा फक्त कमरेच्या पट्ट्यासाठी असतात. पत्र्याला भोक पाडून बोल्ट आणि मोठा वॉशर लावला की तीन बिंदूंचा (कमर आणि खांदा दोन्ही धरणारा) बेल्ट तयार झाला, हा हिशेब चुकीचा आहे. मूळ जागेच्या मागे जाड पट्टी आणि नट वेल्ड केलेला असतो आणि भार आसपासच्या सांगाड्यात पसरतो. नुसता पत्रा धडकेत फाटतो. जागाच नसेल तर हे घरचं काम नाही.

## २. बेल्ट खरंच बदलायचा आहे का?

‘पट्टा हळू आत जातो’ या एका कारणासाठी बरेच जण अख्खा बेल्ट बदलायला घेतात. बहुतेक वेळा दोष डी-रिंगवर साचलेल्या चिकट मळीचा असतो. पट्टा पूर्ण बाहेर ओढा, क्लिप लावून तसाच धरून ठेवा. डी-रिंगची आतली कड ओल्या फडक्याने, मऊ साबणाच्या कोमट पाण्याने पुसा. पट्टाही तसाच पुसा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. ब्लीच, पेट्रोल, थिनर, रंग यातलं काही लावायचं नाही, त्याने धागा कमजोर होतो. डी-रिंगवर ग्रीस किंवा तेलही नको. दोन दिवस पट्टा सरकतो, मग धूळ धरून आधीपेक्षा वाईट होतो.

पट्टा बाहेरच येत नाही, असं वाटलं तर आधी गाडी कुठे उभी आहे ते पाहा. तीव्र उतारावर किंवा एक चाक फुटपाथवर चढवलेली असेल तर रिट्रॅक्टर त्याचं काम बरोबर करतोय. सपाट जागी आणून पुन्हा ओढून बघा.

बदलायलाच हवा, अशी लक्षणं ही:

- कडेला चिरा, उसवलेले धागे, किंवा एका बाजूने लाटा पडलेला पट्टा.
- उन्हाने विटून कडक झालेला पट्टा. दुमडला की ठिसूळ वाटतो.
- डी-रिंगच्या किंवा जिभेच्या प्लास्टिकवर वितळून घासल्यासारखे पट्टे. हा आधीच्या धडकेचा पुरावा असतो.
- खालच्या टोकाजवळची दुमडून शिवलेली घडी उसवलेली. काही बेल्टमध्ये ती घडी भार पडला की टाके तुटून उघडावी अशीच केलेली असते. उघडली म्हणजे बेल्ट एकदा खर्ची पडला. ती परत शिवायची नाही.
- बकल पहिल्या प्रयत्नात न अडकणं, किंवा अडकल्यावर बटण न दाबता सुटणं.
- हिसका दिला तरी न अडणारा रिट्रॅक्टर.

जोराच्या धडकेत ज्या सीटवर माणूस बसलेला होता तिथला बेल्ट बाहेरून धडधाकट दिसला तरी बदलायचा. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

इशारा: रिट्रॅक्टरची डबी उघडून आतली स्प्रिंग ‘जरा ताणून’ बघू नका. झाकण निघताच स्प्रिंग उसळते आणि ती घरी पुन्हा बसत नाही. पट्टा नवा शिवून जुन्या डबीत भरणंही तितकंच टाळा.

## ३. योग्य बेल्ट निवडणं

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असं लिहिलेला बेल्ट तुमच्या गाडीत बोल्टने आवळता येईलही, पण नीट चालेलच असं नाही.

रिट्रॅक्टरचा कोन. डबीच्या आत एक गोळी किंवा लोलक असतो. गाडी अचानक मंदावली किंवा कलंडली की तो हलतो आणि दात अडकवतो. तो विशिष्ट कोनात बसवण्यासाठीच घडवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १६ नुसार नेमलेल्या स्थितीपासून १२ अंशांपर्यंत कललेला रिट्रॅक्टर अडता कामा नये, आणि २७ अंशांच्या पुढे तो अडलाच पाहिजे. म्हणजे खेळायला फार जागा नाही. सरळ खांबासाठीचा रिट्रॅक्टर तिरक्या खांबावर लावलात तर तो सतत अडकून बसेल. मागच्या शेल्फखाली जवळजवळ आडवा बसणारा रिट्रॅक्टर पुढच्या खांबाला चालत नाही. डावा आणि उजवा यांतही फरक असतो.

लेबल. या नियमाखाली मंजूर झालेल्या बेल्टवर वर्तुळातलं इंग्रजी ‘ई’ आणि त्याशेजारी मंजुरी देणाऱ्या देशाचा क्रमांक असतो. पुढची अक्षरं प्रकार सांगतात: ‘ए’ म्हणजे तीन बिंदूंचा, ‘बी’ म्हणजे कमरेचा, ‘आर’ म्हणजे रिट्रॅक्टर असलेला, ‘४’ म्हणजे झटक्याला अडणारा, ‘एम’ म्हणजे एकापेक्षा जास्त प्रकारच्या हालचालींना प्रतिसाद देणारा. साध्या प्रवासी कारला ‘एआर४एम’ पाहिजे. त्यात ‘४’ नंतर ‘एन’ आलं असेल तर तो रिट्रॅक्टर जास्त जोराच्या झटक्यालाच अडतो आणि तो मोठ्या वाहनांसाठी असतो. कारमध्ये नको.

बकल आणि जीभ एकाच जोडीचे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या जिभा दिसायला सारख्या असतात, कधीकधी खट् असा आवाजही येतो, पण आतला खटका पूर्ण बसलेला नसतो. पट्टा नवा आणि बकल जुनं ठेवणार असाल तर दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच मालिकेतले असल्याची खात्री करा. शक्यतो जोडीनेच बदला.

लांबी. सीट पूर्ण मागे सरकवून, गाडीत नेहमी बसणाऱ्यांपैकी सर्वांत धिप्पाड माणूस बसला तरी रिट्रॅक्टरवर पट्ट्याचे काही वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. बकलाच्या दांड्याची लांबीही जुन्याइतकीच हवी. लांब दांडा आला की कमरेचा पट्टा पोटावर चढतो.

भंगारातून काढलेला बेल्ट घेऊ नका. ती गाडी भंगारात कशी पोचली, हे बेल्टकडे पाहून कळत नाही.

तपासा: नवा बेल्ट हातात आल्यावर जुना काढण्याआधीच शेजारी धरून बघा. रिट्रॅक्टरच्या मागचा खुंट किंवा खाच, भोकांचं माप, टोकपट्टीचा वाक, पट्ट्याची लांबी. इथे फरक दिसला तर बेल्ट परत करता येतो. गाडी उघडून बसल्यावर माणूस ‘चालवून घेऊ’ म्हणतो, आणि तिथेच घात होतो.

## ४. हत्यारं आणि सामान

- सहा कोनी सॉकेट. १४, १७ आणि १९ मिलिमीटर ही मापं बहुधा लागतात. बारा कोनी सॉकेट गंजलेल्या बोल्टचे कोपरे खातो.
- ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे बोल्ट असतील तर टॉर्क्स बिट. टी-५० बऱ्याच गाड्यांना चालतो. चांगल्या पोलादाचाच घ्या.
- लांब दांडा आणि टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला जातोय ते दाखवणारा पाना. टॉर्क रेंच नसेल तर कुणाकडून आणा, पण त्याशिवाय काम सुरू करू नका.
- ट्रिम, म्हणजे आतली प्लास्टिकची झाकणं, काढायची पट्टी, थोड्या जादा क्लिपा.
- गंज सोडवणारं तेल, तारेचा ब्रश.
- कागदी चिकटपट्टी, मार्कर, बारीक तार, दोन मोठ्या क्लिपा, फोनचा कॅमेरा.
- तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलं टॉर्कचं पान.

बोल्ट बेल्टसोबत आलेले किंवा मूळचे सुस्थितीतले वापरायचे. हार्डवेअरच्या दुकानातला ‘त्याच मापाचा’ बोल्ट चालत नाही. या बोल्टचं पोलाद वेगळ्या ताकदीचं असतं आणि अनेकांना डोक्याखाली खांदा असतो. टोकपट्टी आवळल्यावरही फिरती राहते ती त्या खांद्यामुळेच.

## ५. नोंदी: पहिला बोल्ट सैल करण्याआधी

‘उलट्या क्रमाने बसवा’ हे वाक्य प्रत्येक मॅन्युअलमध्ये असतं. क्रम लिहून ठेवला असेल तरच त्याचा उपयोग.

१. एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहू द्या. ती आरशातल्यासारखी उलटी आहे, हे मात्र विसरू नका.

२. बेल्ट लावलेला, सोडलेला आणि पूर्ण ओढलेला असे फोटो काढा. प्रत्येक बोल्टचा जवळून एक आणि बाजूने एक फोटो, वॉशरची रांग दिसेल असा.

३. पट्ट्याच्या बाहेरच्या, म्हणजे दाराकडच्या पृष्ठभागावर डी-रिंगच्या अगदी जवळ आणि खालच्या टोकाजवळ चिकटपट्टीचे तुकडे लावा आणि त्यावर वर जाणारा बाण काढा. पीळ टाळायचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

४. टोकपट्टी कोणत्या दिशेला कललेली आहे ते मार्करने पत्र्यावर खुणा करून ठेवा. बकलाच्या दांड्याचंही तसंच.

## ६. जुना बेल्ट उतरवणं

६.१ वीज आणि जागा. बॅटरीची ऋण तार काढा. सीट पुढे-मागे सरकवून जागा करा. चार बोल्ट काढून सीटच बाहेर घेतली तर काम निम्म्याने सोपं होतं. आळसाने अर्धवट वाकून काम केलं की आटे तिरके लागतात.

६.२ ट्रिम. दाराच्या कडेचं रबर खांबाजवळ सोडवा, उंबरठ्याची पट्टी उचला, मग खांबाचं झाकण. जुनं प्लास्टिक थंडीत तडकतं, म्हणून गाडी थोडी उन्हात तापू द्या. क्लिपेच्या अगदी जवळ पट्टी घालून उचला. झाकण अडलं तर ओढू नका, कुठेतरी लपलेला स्क्रू राहिलाय.

६.३ पट्टा धरून ठेवा. खालचा बोल्ट काढण्याआधी पट्टा थोडा बाहेर ओढून डी-रिंगजवळ क्लिप लावा. नाहीतर स्प्रिंग तो वेगाने आत खेचते आणि टोकपट्टी फिरत येऊन हाताला किंवा काचेला लागते.

६.४ बोल्टचा क्रम. आधी खालची टोकपट्टी, मग डी-रिंग, शेवटी रिट्रॅक्टर. रिट्रॅक्टर आधी काढला तर तो कलतो, पट्टा अडतो आणि मोकळ्या पट्ट्याअभावी बाकीचं काम अडून बसतं.

जमिनीतले बोल्ट सोडवण्याआधी गाडीच्या खालून बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत बोल्टचं टोक खाली उघडं असतं आणि त्यावर गंज, चिखल आणि रंगाचा थर बसलेला असतो. ते टोक तसंच वर ओढलं तर तो सगळा कचरा नटाचे आटे खात वर येतो. आधी तारेच्या ब्रशने टोक स्वच्छ करा, तेल मारा, रात्रभर राहू द्या. गाडी उचलणार असाल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, स्टँड लावा.

मग लांब दांड्याने एकसारखा जोर. बोल्ट हलत नसेल तर आधी केसभर आवळून बघा, गंजाचा थर तुटतो आणि मग तो सुटतो. सुटायला लागला की अर्धा वळसा सैल, पाव वळसा घट्ट, पुन्हा तेल, असं करत बाहेर आणा. टॉर्क्स बिट असेल तर खाच आधी टोकदार हत्याराने साफ करा आणि बिट हातोडीने ठोकून तळापर्यंत बसवा.

इशारा: गॅसची ज्योत लावू नका. पत्र्याच्या पलीकडे वायर, कार्पेट, इंधनाची नळी असते. मागच्या सीटखाली तर अनेकदा टाकीच.

थांबा: बोल्टसोबत आतला नटही फिरू लागला, किंवा बोल्ट तुटला, तर पुढे जाऊ नका. वेल्ड सुटलेला नट घरी पक्का होत नाही.

६.५ वॉशर. प्रत्येक बोल्ट निघताच त्याचे वॉशर, बाही (बोल्टवर चढणारी छोटी नळी), कागदी चकती त्याच क्रमाने तारेत ओवा आणि ‘डावा खालचा’, ‘डावा वरचा’ अशी चिठ्ठी बांधा. डब्यात टाकू नका.

## ७. जागा आणि आटे तपासणं

बोल्ट निघाल्यावर लगेच नवा बेल्ट लावायची घाई होते. ती आवरा. नवा बेल्ट गंजलेल्या पत्र्यावर बसवण्यात काही अर्थ नाही.

कार्पेट उचलून जागेभोवतीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. वीतभर परिघात कुठेही टोक रुतलं, पापुद्रे निघाले किंवा पत्रा फुगलेला दिसला तर आधी पत्र्याचं काम. नुसता वरवरचा तांबूस गंज असेल तर ब्रश करून प्राइमर लावा, पण आट्यांत रंग जाऊ देऊ नका.

आता आटे. असंख्य गाड्यांत सीट बेल्टचे बोल्ट मिलिमीटरचे नसून ७/१६ इंचाचे, इंचाला २० आटे असलेले असतात, गाडीतलं बाकी सगळं मिलिमीटरमध्ये असलं तरी. काही गाड्यांत मात्र १० किंवा १२ मिलिमीटरचे असतात. इथे एक फसवा सापळा आहे. १२ मिलिमीटरच्या बोल्टला १.२५ मिलिमीटर अंतराचे बारीक आटे असतील तर ते अंतर ७/१६ इंचाच्या आट्यांशी जवळजवळ जुळतं. त्यामुळे १२ मिलिमीटरच्या नटात ७/१६ चा बोल्ट हाताने गरगर फिरत आत जातो. त्याचा व्यास सुमारे ११.१ मिलिमीटर, म्हणजे तो आट्यांच्या फक्त टोकांना धरतो. आवळताना कदाचित टिकेलही. भार पडला की निसटेल.

तपासा: जुना आणि नवा बोल्ट आट्यांत आटे घालून उजेडासमोर धरा. मध्ये फट दिसता कामा नये. मग दोघांचा व्यास व्हर्नियरने मोजा. दोन्ही गोष्टी जुळल्या तरच बोल्ट योग्य.

नटात घाण असेल तर त्याच मापाच्या टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, हलक्या हाताने साफ करा. टॅप अडला तर जोर लावू नका. नंतर आटे कोरडे पुसून घ्या. तेल किंवा ग्रीस लावलं की टॉर्क रेंचचा आकडा तोच दाखवतो, पण बोल्टवर ताण जास्त पडतो. मॅन्युअलने सांगितलं असेल तरच काही लावायचं.

## ८. नवा बेल्ट बसवणं

आता क्रम उलटा: आधी रिट्रॅक्टर, मग डी-रिंग, मग खालची टोकपट्टी, शेवटी बकल. आणि सगळे बोल्ट आधी फक्त हाताने. सगळं जागेवर आल्याशिवाय एकही बोल्ट पक्का आवळायचा नाही.

८.१ रिट्रॅक्टर. पेटीतून काढल्यावर पट्टा ओढून बघाल आणि तो अडेल. लगेच ‘बेल्ट खराब आला’ म्हणून परत करू नका. हातात डबी तिरकी धरली की ती अडणारच. खांबावर जशी बसणार तशी उभी धरा आणि सावकाश ओढा. काही बेल्टमध्ये वाहतुकीसाठी पट्ट्याला क्लिप लावलेली असते, ती डबी बोल्टने धरल्यानंतरच काढा.

डबीच्या मागचा खुंट खांबाच्या छोट्या भोकात पूर्ण गेला पाहिजे. तो भोकाच्या कडेवर टेकलेला राहिला आणि बोल्ट आवळला, तर डबी तिरकी बसते. हीच ती ‘थोडी तिरकी’ चूक. खुंट बसतच नसेल तर खुंट कापू नका, तो बेल्ट तुमच्या गाडीचा नाही.

८.२ डी-रिंग. तारेतून वॉशर काढताना फोटो समोर ठेवा. सर्वसाधारणपणे बाही टोकपट्टीच्या किंवा रिंगच्या भोकात बसते आणि लहरदार वॉशर ती खडखडू नये म्हणून असतो. पण कोण आत, कोण बाहेर हे गाडीगणिक बदलतं, म्हणून तुमचा फोटो हाच प्रमाण. बाही विसरली तर रिंग पत्र्यात चिमटली जाते. पातळ कागदी किंवा प्लास्टिकची चकती बिनकामाची वाटते, पण तीही परत लावा.

८.३ पीळ. खालची टोकपट्टी लावण्याआधी चिकटपट्टीचे बाण आठवा. नव्या पट्ट्यावर तसेच लावून घ्या. रिट्रॅक्टरपासून बोट फिरवत खाली या: डी-रिंग, जीभ, टोक. पट्ट्याची बाहेरची बाजू कुठेही आत वळता कामा नये. अर्धा पीळ पटकन दिसतो. पूर्ण पीळ फसवतो, कारण दोन्ही टोकांना बाजू बरोबर दिसते, म्हणून मधला भाग बोटांनी चाचपा. जीभ उलटी फिरलेली नाही ना, आणि ती खाली घसरू नये म्हणून पट्ट्यावर असलेलं छोटं प्लास्टिकचं बटण तिच्या योग्य बाजूला आहे ना, तेही आत्ताच पाहा.

८.४ बकल. दांड्याच्या पायथ्याशी फिरू न देणारा छोटा काटा असेल तर तो त्याच्या खाचेत. बोल्ट आवळताना दांडा सोबत फिरू पाहतो, एका हाताने धरा. मागच्या सीटवर दोन-तीन बकलं शेजारी असतात. त्यांची अदलाबदल झाली तर मधल्या प्रवाशाची जीभ कडेच्या बकलात जाते, म्हणून उशी टाकण्याआधी प्रत्येक जोडी अडकवून बघा.

८.५ आवळणं. प्रत्येक बोल्ट हाताने निदान पाच-सहा वळसे विनासायास गेला पाहिजे. पहिल्या दुसऱ्या वळशालाच पाना लागला तर आटे तिरके बसलेत. काढा, उलटा फिरवून आट्याची सुरुवात शोधा, पुन्हा लावा. नंतर टॉर्क रेंच. बऱ्याच गाड्यांत आकडा ३० ते ५० न्यूटन-मीटरच्या टप्प्यात असतो, पण आवळायचं तुमच्या मॅन्युअलमधल्या आकड्यालाच. टॉर्क दिलेल्या बोल्टवर मार्करची रेघ मारा, म्हणजे कोणता राहिला ते कळतं.

## ९. ट्रिम लावण्याआधीच्या तपासण्या

झाकणं लावली की चुका झाकल्या जातात. म्हणून आत्ता:

- डी-रिंग आणि खालची टोकपट्टी बोटाने फिरते का? घट्ट बसली असेल तर वॉशरचा क्रम चुकलाय. बोल्ट सैल करून भागवू नका, उतरवून पुन्हा लावा.
- पट्टा शेवटपर्यंत ओढून सोडला तर स्वतःहून पूर्ण आत जातो का? काही रिट्रॅक्टर शेवटपर्यंत ओढल्यावर एकाच दिशेने अडतात आणि कट्-कट् आवाज करत फक्त आत जातात. ती लहान मुलांची सीट बांधण्याची सोय असते. पट्टा पूर्ण आत गेला की ती आपोआप सुटते.
- सीट पुढून मागे सरकवताना पट्टा किंवा बकलाची वायर कुठे अडकते का?
- जीभ बकलात अनेकदा अडकवा, दर वेळी जोरात ओढा, मग बटण दाबा. एकदाही चुकारपणा केला तर बकल बाद.

## १०. ट्रिम परत

झाकणाच्या फटीतून पट्टा सरळ बाहेर येतो का पाहा. झाकण जरासं खाली बसलं तरी त्याची कड पट्ट्याला घासते आणि महिनाभरात पट्ट्याची कड फुलून येते. क्लिपा ठोकण्याआधी मागे पट्टा चिमटला नाही ना, हे पुन्हा चाचपा. मग बॅटरी जोडा आणि बेल्टचा दिवा योग्य वेळी लागतो-विझतो ते बघा.

## ११. चाचणी: दोन यंत्रणा, दोन परीक्षा

हिसका देऊन पट्टा अडला की लोक काम संपलं म्हणतात. पण हिसक्याने फक्त एकच यंत्रणा तपासली जाते: पट्टा किती वेगाने बाहेर येतोय ते ओळखणारी. गाडीच्या गतीतला अचानक बदल ओळखणारी, गोळी किंवा लोलकाची, वेगळी असते. रिट्रॅक्टर चुकीच्या कोनात बसला तर बिघडते ती हीच दुसरी.

पहिली परीक्षा: गाडी सपाट जागी उभी. पट्टा सावकाश ओढा, अडता कामा नये. झटक्याने ओढा, अडलाच पाहिजे. सोडला की लगेच मोकळा.

दुसरी परीक्षा: रिकामी, कोरडी, खाजगी जागा, मागे-पुढे कोणी नाही. ज्या सीटचा बेल्ट बदलला तिथे दुसरा माणूस बसवा, चालकाने स्वतः ओढाताण करायची नाही. ताशी १० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाऊन चालकाने जोरात ब्रेक लावायचा. त्याच क्षणी शेजारच्याने पट्टा हळूच ओढायचा. तो अडला पाहिजे. चालकाच्या सीटचा बेल्ट असेल तर या परीक्षेसाठी तिथे दुसरा चालक बसवा आणि खांद्याजवळचा पट्टा मागे बसलेल्याने ओढावा. मागे बसलेल्यानेही स्वतःचा बेल्ट लावलेला हवा.

## १२. काहीतरी बिनसलं तर

सपाट जागीही पट्टा सतत अडतो. रिट्रॅक्टर तिरका आहे. खुंट बघा. खुंट बरोबर असेल तर डाव्या-उजव्याची अदलाबदल किंवा चुकीच्या कोनाचा रिट्रॅक्टर.

हिसक्याला अडतो, ब्रेकला नाही. गाडी वापरू नका. जवळजवळ नक्कीच कोनाचा प्रश्न. खुंट, बाजू आणि कोन तिन्ही बरोबर असतील तर रिट्रॅक्टरच सदोष आहे, बदलून घ्या.

पट्टा अर्धवट आत जाऊन थांबतो. ट्रिमच्या फटीत घासतोय, डी-रिंग चिमटलीये किंवा पीळ आहे. याच क्रमाने तपासा.

चालताना खांबातून खडखड येते. लहरदार वॉशर राहिला. तारेवर उरलेलं सामान बघा. काहीही उरलं असेल तर तो भाग पुन्हा उघडायचा, आवाज येवो न येवो.

महिनाभराने मार्करच्या रेघा जुळतात का ते पाहा. रेघ सरकली असेल तर नुसतं पुन्हा आवळू नका, बोल्ट काढून आटे बघा. आणि उतरवलेला जुना बेल्ट टाकण्याआधी पट्टा कात्रीने मधोमध कापा, म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या गाडीत जाणार नाही.